तीन वर्षं उलटून गेली तरी क्लेम नाकारला. कलम ४५ नक्की कुठून मोजायचं?

मुग्धा_भांडुप

नमस्कार मंडळी. विम्यातलं कळणारे इथे बरेच आहेत म्हणून लिहितेय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही.

माझ्या मोठ्या दिरांनी फेब्रुवारी २०२० मध्ये २५ लाखांची टर्म पॉलिसी घेतली होती. लॉकडाऊननंतर त्यांची नोकरी गेली, त्यात २०२२ चा हप्ता राहिला आणि पॉलिसी लॅप्स झाली, म्हणजे बंद पडली. सप्टेंबर २०२३ मध्ये एजंट घरी आला, थकलेले हप्ते आणि व्याज भरून घेतलं, एका फॉर्मवर सह्या घेतल्या आणि पॉलिसी परत चालू झाली. मार्च २०२५ मध्ये भाऊजी हार्ट अटॅकने गेले. वय ४८.

जाऊबाईंनी एप्रिलमध्ये क्लेम टाकला. कंपनीचा माणूस चौकशीला आला, हॉस्पिटलमधून केसपेपर काढून नेले, आणि ऑगस्टमध्ये पत्र आलं की क्लेम नामंजूर. कारण काय, तर 'पुनरुज्जीवनाच्या वेळी मधुमेह असल्याची महत्त्वाची माहिती दडवली'. मधुमेह होता हे खरं आहे. २०२१ मध्ये निघाला, गोळ्या चालू होत्या. पण पॉलिसी घेतली तेव्हा नव्हता, म्हणजे मूळ फॉर्ममध्ये काहीच खोटं नाही.

पॉलिसी बाँडच्या मागे विमा कायद्याचं कलम ४५ छापलंय. त्यात म्हटलंय की तीन वर्षांनंतर कंपनीला कोणत्याही कारणावरून पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. इथे पाच वर्षं झाली. मग हे पत्र चुकीचं नाही का? जाऊबाईंना काही सुचत नाहीये, मुलगा बारावीला आहे. पुढे काय करायचं ते सांगा.

---

रोखठोक_परळकर

सगळे चोर आहेत. हप्ता घेताना दारात उभे, द्यायची वेळ आली की मधुमेह. सरळ ग्राहक कोर्टात खेचा.

---

निवृत्त_शाखाधिकारी

मुग्धाताई, वाईट वाटलं वाचून. माझी उभी हयात विम्याच्या शाखेत गेली, त्यातली बरीच वर्षं क्लेमच्या टेबलावर. तुम्हाला आवडणार नाही, पण आधी हे सांगतो: तीन वर्षांचा मुद्दा इथे तुमच्या बाजूने नाही.

कलम ४५ पूर्ण वाचा, नुसती पहिली ओळ नको. तीन वर्षं मोजायला चार तारखा दिल्या आहेत. पॉलिसी दिली ती तारीख, जोखीम सुरू झाली ती तारीख, पुनरुज्जीवनाची तारीख आणि रायडर (पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण) जोडल्याची तारीख. या चारांतली जी *सर्वांत नंतरची*, तिथून तीन वर्षं. भाऊजींची पॉलिसी सप्टेंबर २०२३ ला रिव्हाइव्ह झाली, म्हणजे तिचं पुनरुज्जीवन झालं, म्हणजे घड्याळ तिथून पुन्हा शून्यापासून. सप्टेंबर २०२६ पर्यंत कंपनीला आक्षेप घ्यायची मुभा आहे.

पूर्वी असं नव्हतं. जुन्या कलमात मुदत दोन वर्षांची होती आणि ती मूळ पॉलिसीच्या तारखेपासून धरायची, रिव्हायव्हलपासून नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच सांगितलं होतं. पण त्या दोन वर्षांनंतरही कंपनीने लबाडी सिद्ध केली तर क्लेम बुडायचा. २०१५ च्या दुरुस्तीने दोन्ही बाजू बदलल्या. मुदत वाढून तीन वर्षं झाली, रिव्हायव्हलची तारीख आत आली, आणि बदल्यात तीन वर्षांनंतरचा दरवाजा पूर्ण बंद झाला. आता लबाडीच्या नावाखालीसुद्धा उघडत नाही.

तेव्हा 'पाच वर्षं झाली' या मुद्द्यावर अर्ज लिहू नका. पहिल्याच वाक्यात पडेल.

---

मुग्धा_भांडुप

काका, म्हणजे काहीच होणार नाही? बाँडवर इतक्या बारीक अक्षरात छापलंय की 'पुनरुज्जीवन' हा शब्द दिसलाच नाही.

---

निवृत्त_शाखाधिकारी

काहीच होणार नाही असं कुठे म्हटलं? मुदतीत आक्षेप *घेता येतो*, एवढंच. तो टिकतो की नाही हा वेगळा विषय, आणि तिथे तुमच्याकडे बरंच काही आहे. ते पत्र समोर घ्या आणि दोन गोष्टी बघून इथे लिहा. एक, त्यात 'फसवणूक' असा शब्द आहे की फक्त 'माहिती दडवली'? दोन, भरलेले हप्ते परत करण्याबद्दल काही लिहिलंय का?

---

मुग्धा_भांडुप

फसवणूक असा शब्द कुठेच नाही. हप्त्यांबद्दल अवाक्षर नाही.

---

ॲड_वसईवाली

काकांनी नेमकं विचारलं. मी विम्याच्या केसेस चालवते, थोडं सविस्तर लिहिते.

कलम ४५ मध्ये तीन वर्षांच्या आत आक्षेप घ्यायच्या दोन वाटा आहेत. पोटकलम (२) फसवणुकीची आणि पोटकलम (४) चुकीची किंवा दडवलेली माहिती, जी आयुर्मानाच्या अंदाजाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. दोन्हींत कंपनीने कारणं आणि ती कशाच्या आधारावर काढली ते लेखी कळवावं लागतं. 'आमच्या चौकशीत आढळले' एवढं पुरत नाही. कुठला कागद, कुठल्या तारखेचा, ते सांगायला हवं.

आता (४) खाली आक्षेप असेल तर नामंजुरीच्या तारखेपर्यंत भरलेले सगळे हप्ते ९० दिवसांत परत करणं कायद्याने बंधनकारक आहे. यासाठी वेगळं भांडावं लागायला नको, पण लागतं. पत्र ऑगस्टचं आहे, तेव्हा ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. मात्र पैसे आले की 'पूर्ण व अंतिम' अशा कुठल्याही पावतीवर सही करायची नाही. हप्ते परत घेणं म्हणजे क्लेम सोडणं नाही, असं पत्रावर स्वच्छ लिहून द्या.

आता खरा मुद्दा. याच पोटकलमात म्हटलंय की दडवलेल्या गोष्टीचा जोखमीशी थेट संबंध असल्याशिवाय ती 'महत्त्वाची' धरायची नाही. आणि ती माहीत असती तर *पॉलिसी दिलीच नसती*, हे सिद्ध करायचं ओझं कंपनीवर आहे. 'जास्त हप्ता लावला असता' हे पुरत नाही. मधुमेह असलेल्या माणसाला या देशात आयुर्विमा मिळतच नाही का? रोज मिळतो, लोडिंग म्हणजे जादा हप्ता लावून. कंपनीला तिचे अंडररायटिंगचे, म्हणजे कोणाला पॉलिसी द्यायची ते ठरवण्याचे, नियम दाखवायला लावा. सप्टेंबर २०२३ मध्ये, या वयाच्या, गोळ्यांवर साखर आटोक्यात असलेल्या माणसाला त्यांनी नकार दिला असता का? हा प्रश्न तक्रारीत जसाच्या तसा घाला.

---

अंडररायटर_मी

ॲडव्होकेट ताईंशी बराचसा सहमत, पण दुसरी बाजूही मांडतो, कारण समोर बसणारा माणूस हेच बोलणार आहे.

मधुमेह म्हणजे एकच गोष्ट नाही. एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) साडेसहा आणि एकच गोळी चालू असेल तर किरकोळ लोडिंगमध्ये फाइल पास होते. तोच आकडा नऊच्या वर, जोडीला बीपी, लघवीतून प्रथिनं जातायत, तर टर्म प्लॅनमध्ये आम्ही सरळ पुढे ढकलतो किंवा नाही म्हणतो. तेव्हा भाऊजींचे २०२३ च्या आसपासचे रिपोर्ट काय म्हणतात त्यावर सगळं आहे. चांगले असतील तर आधी तेच जोडा.

आणि 'सगळे चोर' म्हणणाऱ्यांना एक विनंती. पहिल्या तीन वर्षांतल्या क्लेमची चौकशी होते ती छळायला नव्हे. कॅन्सरचं निदान झाल्यावर महिन्याभरात चार कंपन्यांत अर्ज टाकणारे आम्ही रोज बघतो. ते पैसे शेवटी तुमच्याच हप्त्यांतून जातात.

---

रोखठोक_परळकर

बरं बुवा, सगळे नाही, निम्मे. पण तो एजंट? 'काही नाही हो, रिकामं सोडा, मी भरतो' म्हणणारा? माझ्या आतेभावाच्या फॉर्मवर त्याचं शिक्षणसुद्धा चुकीचं टाकलं होतं. तो मरणार आणि बायकोने शिक्षा भोगायची?

---

ॲड_वसईवाली

याचं उत्तर कायद्यात आहे. पोटकलम (३) च्या स्पष्टीकरणात म्हटलंय की जो माणूस विम्याचा करार जुळवून आणतो, त्याला त्या करारापुरता कंपनीचाच एजंट मानायचं. म्हणजे 'तो तुमचा माणूस होता, आमचा नाही' हे कंपनीला म्हणता येत नाही. आणि पॉलिसीधारकाने दिलेली माहिती त्याच्या समजुतीप्रमाणे खरी होती, दडवायचा इरादा नव्हता, किंवा ती गोष्ट कंपनीला माहीतच होती असं दाखवता आलं, तर फसवणुकीच्या नावाने क्लेम नाकारता येत नाही. फक्त, माणूस हयात नसेल तर हे दाखवायचं काम वारसांवर येतं.

सही केली म्हणजे मजकूर आपला, हे न्यायालयं पुष्कळदा धरतात हेही खरं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, प्रपोजल फॉर्ममध्ये दुसऱ्या कंपनीची पॉलिसी लिहिली नाही म्हणून क्लेम नाकारणं योग्य ठरवलं. तिथेही 'फॉर्म आम्ही भरलाच नाही' हे चाललं नाही. उलट २०१५ चा एक निकाल वारसांच्या बाजूने आहे. माणूस हृदयविकाराने गेला आणि कंपनी म्हणत होती की कंबरेचं दुखणं दडवलं. न्यायालय म्हणालं, त्या दुखण्याचा मृत्यूशी काय संबंध? क्लेम द्या. तुमच्या प्रकरणात अडचण अशी की मधुमेह आणि हार्ट अटॅक यांत कंपनी संबंध जोडणारच, म्हणून २०१५ च्या निकालावर सगळी मदार ठेवू नका.

मुग्धाताई, तो रिव्हायव्हलचा फॉर्म हातात आहे का?

---

मुग्धा_भांडुप

नाही. आम्हाला प्रत मिळालीच नव्हती. जाऊबाई म्हणतात एजंट सकाळी घाईत आला, चहा घेता घेता 'इथे सही, इथे सही' करून घेतल्या आणि ठाणे लोकल पकडायला पळाला.

---

निवृत्त_शाखाधिकारी

मग पहिलं काम तेच. त्या फॉर्मला शाखेत सगळे 'डीजीएच' म्हणतात, प्रकृती उत्तम असल्याचं निवेदन. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करून मूळ प्रपोजल, डीजीएच, रिव्हायव्हलच्या वेळी काही मेडिकल केली असल्यास तिचा रिपोर्ट, आणि चौकशी अहवाल, या सगळ्यांच्या प्रती मागा. ते ज्यावर विसंबून आहेत ते दाखवावंच लागेल.

डीजीएच आला की नीट निरखून बघा. प्रश्नांपुढच्या खुणा आणि सही एकाच पेनाने आहेत का? सही मराठीत आणि उत्तरं इंग्रजीत, असा प्रकार आहे का? असेल तर 'मजकूर पॉलिसीधारकाला त्याच्या भाषेत समजावून सांगितला' अशा निवेदनाखाली कोणाची सही आहे ते बघा. माझ्या टेबलावर असे फॉर्म आलेत की दहाच्या दहा 'नाही' एका उभ्या रेघेत, मधे पेन उचललेलंसुद्धा नाही. कोणी प्रश्न वाचून उत्तर दिलं तर अशी रेघ येत नाही.

---

डॉ_चिपळूणकर

केसपेपरबद्दल माझे दोन पैसे. ॲडमिशनच्या वेळी रेसिडेंट डॉक्टर नातेवाइकांना विचारून 'के/सी/ओ डीएम, पाच वर्षं', म्हणजे पाच वर्षांपासून मधुमेह, असं खरडतो. घाबरलेला मुलगा म्हणतो 'चार-पाच वर्षं असेल', आणि तोच आकडा पुढे पुरावा बनतो. ही रुग्णाची हिस्टरी, उपचाराचा पुरावा नव्हे. पाच वर्षं लिहिलं असेल तर मधुमेह पॉलिसी घेतली त्या सुमाराचाच ठरेल आणि मूळ फॉर्मही खोटा म्हणतील. तुमचं निदान २०२१ चं असेल तर त्या पहिल्या रिपोर्टची लॅबची प्रत शोधा. लॅबवाले जुने रिपोर्ट बहुधा फोन नंबरवर काढून देतात.

---

ॲड_वसईवाली

अगदी. लिहिणाऱ्या डॉक्टरचं शपथपत्र नसताना नुसत्या हिस्टरीच्या नोंदीवर क्लेम नाकारणं ग्राहक आयोगांनी कितीतरी वेळा अमान्य केलं आहे.

---

प्रभादेवी_स्लो_लोकल

एक आगाऊ प्रश्न. समजा माणूस पॉलिसीच्या दुसऱ्या वर्षी गेला आणि बायकोने क्लेमच तीन वर्षं पूर्ण झाल्यावर टाकला तर? कंपनीला मग आक्षेप घेता येईल का?

---

ॲड_वसईवाली

प्रश्न आगाऊ नाही, चांगला आहे. कलमात मुदत पॉलिसीवर *आक्षेप घेण्याला* आहे, मृत्यूला नाही. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत ही मुदत दोन वर्षांची असते आणि 'विमाधारक हयात असताना' पूर्ण झालेली दोन वर्षं, असे शब्द घातलेले असतात, नेमकी ही पळवाट बुजवायला. आपल्या कलमात ते शब्द नाहीत. म्हणून वारसांच्या बाजूने हा युक्तिवाद करता येतो. पण हे ठरवून करा असं मी कोणालाही सांगणार नाही. पॉलिसीच्या अटींत मृत्यूची खबर लवकर द्यायला सांगितलेलं असतं, आणि मुद्दाम थांबलात असं दिसलं तर पुढचा सगळा वाद तुमच्या हेतूवरच होतो.

---

सायलीची_आई

मेडिक्लेमलाही हाच तीन वर्षांचा नियम का? सासऱ्यांच्या पॉलिसीत बीपी लिहायचं राहिलंय, चार वर्षं झाली.

---

अंडररायटर_मी

नाही, गल्लत करू नका. कलम ४५ फक्त आयुर्विम्याला. आरोग्य विम्यात मोरेटोरियम असतं, म्हणजे ज्यानंतर माहिती दडवल्याचं कारण काढता येत नाही ती मुदत, सलग ६० महिने. एप्रिल २०२४ पर्यंत ते आठ वर्षांचं होतं, विमा नियामकाने पाचावर आणलं. आणि त्यानंतरही फसवणूक सिद्ध झाली तर क्लेम नाकारता येतो, आयुर्विम्यासारखं कुलूप नाही. तुमचं अजून वर्ष बाकी आहे. आत्ताच कंपनीला लेखी कळवा, क्लेमच्या वेळी निघण्यापेक्षा बरं.

(अवांतर: आयुर्विम्यातही तीन वर्षांनंतर वयाचा पुरावा मागता येतो आणि वय चुकलं असेल तर रक्कम त्याप्रमाणे बदलता येते. आणि १२ महिन्यांचं आत्महत्येचं कलम ही पॉलिसीची अट आहे, ती ४५ च्या आड येत नाही.)

---

मुग्धा_भांडुप

सगळ्यांचे खूप आभार. अपडेट देते.

डीजीएचची प्रत दोनदा ईमेल केल्यावर आली. काका म्हणाले तसंच आहे. सगळ्या खुणा निळ्या पेनाने, भाऊजींची सही काळ्याने आणि मराठीत. समजावून सांगितल्याच्या निवेदनाखाली एजंटची सही आहे पण तारीख रिव्हायव्हलच्या दोन दिवस *नंतरची*! मेडिकल काही झालीच नव्हती. २०२१ चा लॅब रिपोर्ट मिळाला, आणि ऑगस्ट २०२३ चा एचबीएवनसीही मिळाला, ६.८.

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने 'निर्णय कायम' असं दोन ओळींत कळवलं. आता लोकपालाकडे जायचं की ग्राहक आयोगाकडे?

---

ॲड_वसईवाली

६.८ हा तुमच्या फाइलमधला सगळ्यात वजनदार कागद आहे. पहिल्या पानावर लावा.

आधी विमा लोकपाल. फी नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई देता येते (२०२३ पर्यंत ३० लाख होती), त्यामुळे तुमचे २५ लाख आरामात बसतात. कंपनीचं शेवटचं उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत तक्रार हवी. भांडुप मुंबईच्या नाही, ठाण्याच्या कार्यालयाकडे येतं. ऑनलाइनही करता येते. निकाल कंपनीवर बंधनकारक, पण तुमच्यावर नाही. पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा राहतो, फक्त तिथली दोन वर्षांची मुदत नजरेआड करू नका. तिथे कुठल्या आयोगाकडे जायचं ते क्लेमच्या रकमेवर नाही, भरलेल्या हप्त्यांवर ठरतं, त्यामुळे तुमचं जिल्ह्यातच होईल.

तक्रारीत व्याजही मागा. नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे चौकशी लागणारा मृत्यूचा क्लेमसुद्धा ४५ दिवसांत निकाली काढायचा असतो. तुमचा एप्रिलचा क्लेम ऑगस्टपर्यंत नेला. उशिरासाठी बँक दरापेक्षा २ टक्के जास्त दराने व्याज आहे.

---

डोंबिवली_फास्ट_नाही

आम्ही डोंबिवलीकरांनीही ठाण्यालाच जायचं का?

---

ॲड_वसईवाली

हो, ठाणे जिल्हा आणि नवी मुंबईकडचं कार्यक्षेत्रही ठाण्याच्या कार्यालयाकडेच आहे. लोकपाल परिषदेच्या साइटवर राहत्या पत्त्याप्रमाणे बघा.

---

मुग्धा_भांडुप

तक्रार दाखल केली. सुनावणीला तुम्ही आमच्यातर्फे याल का, ताई? फी सांगा.

---

ॲड_वसईवाली

येता येणार नाही, लोकपालापुढे वकील चालत नाही. कंपनीचाही नसतो, त्यांचा अधिकारी येतो. जाऊबाईंनाच बोलावं लागेल, त्या नॉमिनी आहेत ना? मराठीत बोललं तरी चालतं. त्यांना फक्त तीन गोष्टी पाठ करायला सांगा: मूळ फॉर्म खरा होता, डीजीएच एजंटने भरला, आणि ६.८ साखरेला तुम्ही पॉलिसी नाकारली असती का. चौथी गोष्ट बोलायला गेलं की माणूस रडायला लागतो आणि वेळ जातो. फी कसली, कागद मला पाठवा, मुद्दे टाइप करून देते.

---

प्रभादेवी_स्लो_लोकल

धागा वाचून घरातल्या फायली काढल्या. माझी २०१८ ची पॉलिसी मागच्या वर्षीपासून बंद आहे. रिव्हाइव्ह करू की नवीन घेऊ? दोन्हींत तीन वर्षं नव्यानेच सुरू होणार असं दिसतंय.

---

निवृत्त_शाखाधिकारी

हो, त्या बाबतीत दोन्ही सारखेच. मग बाकीचा हिशोब करा. नवीन घेतली तर हप्ता आजच्या वयाचा लागेल, जुनीत २०१८ चा दर आहे, पण थकबाकी आणि व्याज भरावं लागेल. दोन्हींचे कोटेशन काढून बघा. काहीही केलंत तरी फॉर्म स्वतःच्या हाताने भरा, गोळ्या चालू असतील तर त्यांची नावं लिहा, आणि दिल्याच्या दिवशीच मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढून बायकोला पाठवा. एजंटला घाई असेल तर त्याला पुढची लोकल पकडू दे.